खोट्या पुराची तालीम

संकट उभं करायला मला एक सकाळ पुरायची. बडोद्याजवळ, बाजव्याकडे, रेल्वेच्या रुळांलगत एक मोकळं मैदान आहे. मागे रिफायनरीच्या चिमणीवर दिवसाढवळ्याही ज्योत जळत असते. हिवाळ्यातल्या एखाद्या शनिवारी आम्ही तिथे भिजवलेल्या गाद्या टाकायचो, मोडकी कपाटं आडवी करायचो, उलटी सायकल, चिखलानं बरबटलेल्या चपला मांडायचो. टँकरवाले मगनभाई पाण्याचा पाइप हातात घेऊन दर वर्षी तेच विचारायचे, "आ वखते केटलुं डुबाडवानुं छे, बेन?" यंदा किती बुडवायचं? मी म्हणायचे, "घोट्यापर्यंत बस झालं, मगनभाई."

पाणी पसरलं की त्यात धुकं दिसायला लागायचं. मग नागरवाड्यातल्या आमच्या मराठी नाट्यमंडळाची माणसं रिक्षांतून उतरायची, लाल रंग लावून घ्यायची आणि आपापल्या जागी निजायची. कुणी हळूच कूस बदलतंय, पलीकडून मालगाडी संथपणे चाललीय, आणि कुणीच बोलत नाही. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण दुपारी डोळा लागता लागता अजून ते मैदान दिसतं. भीती वाटत नाही. उलट फार शांत वाटतं, हे कबूल करायला जरा संकोचच होतो.

मी शिकवायचे आपत्तीचं मानसशास्त्र. पदवीनंतरचा अभ्यासक्रम. श्रीलंका, नेपाळ, केनिया, इंडोनेशिया, कुठून कुठून मुलं यायची. पूर, भूकंप, वादळ झालं की पहिल्या काही दिवसांत माणसाशी कसं वागायचं, काय बोलायचं आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही, हे त्यांना शिकवायचं, आणि मैदानावरच्या त्या खोट्या पुरात बाहेरच्या परीक्षकांसमोर त्यांची परीक्षा घ्यायची. माझ्या आईला माझी नोकरी शेवटपर्यंत कळली नाही. ती शेजारणींना सांगायची, "आमची शैला परदेशातल्या पोरांना पुरात रडायला शिकवते." आमचे पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते, त्यामुळे घरात तलवारीला मान होता, रडण्याला नव्हता. आईनं तरी किती समजून घ्यायचं!

पहिल्याच तासाला मी मुलांची आवडती वाक्यं काढून घ्यायचे. 'मी समजू शकतो' बाद. 'सगळं ठीक होईल' बाद. 'देवाची मर्जी' तर दाराबाहेर. मुलं गोंधळून विचारायची, "मॅडम, मग उरतं काय?" उरतं फार थोडं. समोरचा जमिनीवर बसला असेल तर आपणही जमिनीवर बसायचं. पाणी द्यायचं. त्याची माणसं कुठे आहेत ते शोधायला मदत करायची. जे माहीत नाही त्याचं वचन द्यायचं नाही. आणि एकच प्रश्न नीट विचारायचा: आत्ता तुम्हाला कशाची गरज आहे?

हा प्रश्न आम्हाला बडोद्यानंच शिकवला. विश्वामित्री नदी शहरात शिरली त्या वर्षी मी मुलांना घेऊन एका शाळेतल्या निवारा केंद्रात गेले होते. शहर ओळखू येत नव्हतं. रस्त्यांची नदी झालेली, गाड्यांचे नुसते टप दिसणारे, एका सोसायटीच्या पायरीवर मगर ऊन खात पडलेली, आणि गॅलरीतून लोक तिच्याकडे बघत इतक्या हळू आवाजात बोलत होते की जणू घरात बाळ झोपलंय. शाळेत एक गुजराती काका बाकावर बसले होते. त्यांच्या घरात छातीपर्यंत चिखल. आमच्या केनियाच्या जोसेफनं खास शिकलेलं वाक्य टाकलं, "केम छो, काका?" काका हसून म्हणाले, "मजामां!" जोसेफनं लगेच वहीत लिहिलं, 'प्रकृती उत्तम'. मी कपाळाला हात लावला. अहो, बडोद्यात 'केम छो'ला दुसरं उत्तरच नाही! माणूस अर्धा बुडाला तरी 'मजामां' म्हणणार. मग मी जोसेफला म्हटलं, आता विचार, काय हवंय. त्यानं विचारलं. काका म्हणाले, "कोरी चड्डी." आणि मग ढसाढसा रडले. त्या दिवसापासून 'कसे आहात' हा प्रश्न मी अभ्यासक्रमातून काढून टाकला.

नाट्यमंडळाच्या लोकांनी मला जेवढं हसवलं तेवढंच छळलं. बडोद्याच्या मराठी माणसाला स्टेज दिसलं की राहवत नाही. निवृत्त फिटर दामूअण्णा पवार यांना मी प्रेताची भूमिका दिली, कारण प्रेताला संवाद नसतात. तर अण्णा मरण्यापूर्वी मोठं स्वगत म्हणून मेले! एकदा एका नेपाळी मुलीनं 'विधवे'ला इतकं छान सावरलं की आजूबाजूच्या मृतांनी पडल्या पडल्या टाळ्या वाजवल्या. सगळं आटोपलं की मृत, जखमी आणि बचावलेले एका रांगेत सेव-उसळीच्या हातगाडीपाशी उभे राहायचे. तर्री जास्त घ्यायची की कमी, यावरून खरी भांडणं व्हायची.

पण त्या उसळीआधी एक काम मी कधीच चुकवलं नाही. मंडळातले लोक त्याला रंग उतरवणं म्हणायचे. ज्यानं कुणी दुःखाची भूमिका केली असेल, त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून आधी सांगायचं की मी तो माणूस नाही. मग आपलं खरं नाव, आपण कुठे राहतो आणि आता घरी जाऊन काय करणार. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. पुरात सापडलेल्या माणसाला आजची संध्याकाळ माहीत नसते, आपल्याला असते. वरवर पोरखेळ वाटतो. पण हे न करता घरी गेलेली माणसं रात्रभर अस्वस्थ राहतात.

आमच्या या मैदानावर नलू दर वर्षी यायची. नलिनी शिंदे, आमच्याच गल्लीतली, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, मंडळाची एकेकाळची नायिका. तिचे यजमान प्रकाश रेल्वेत होते, बाजव्याला. पुराच्या त्या दिवशी ड्युटी संपवून स्कूटरवर घरी निघाले. स्कूटर पुलाच्या अलीकडे सापडली. ते सापडले नाहीत. नलूचं सगळं जगणं त्या स्कूटरला अडकून राहिलं होतं, कारण स्कूटर पडलेली नव्हती. नीट स्टँडवर लावलेली होती, हँडलला हेल्मेट अडकवलेलं होतं. "शैलाताई, वाहून जाणारा माणूस गाडी स्टँडवर लावतो का? तूच सांग," असं ती मला कितीदा म्हणाली असेल. आणि मी, या विषयात पोरांना पदव्या देणारी बाई, दर वेळी गप्प राहायचे. काय सांगणार?

ज्यांचा देह मिळत नाही त्यांच्या माणसांबद्दल शिकवणं मला सगळ्यात जड जायचं. गेलेल्या माणसासाठी रडता येतं, असलेल्या माणसाची वाट बघता येते. या लोकांच्या वाट्याला दोन्ही अर्धं अर्धं येतं. घरच्यांना वाटतं, बाई हट्टी आहे. हट्ट नसतो तो. वाट बघणं सोडलं तर आपणच त्याला मारलं, असं त्यांना वाटत असतं.

मैदानावर नलू नेहमी एकच भूमिका मागायची, पाणी देणाऱ्या शेजारणीची. कमरेवर कळशी घेऊन ती चिखलातून अशी फिरायची की बघत राहावं. शेजारीण काही दुःखाची भूमिका नव्हे, त्यामुळे तिनं रंग उतरवायची गरज नव्हती, पण ती हौसेनं उभी राहायची. "मी नलिनी शिंदे. नागरवाड्यात राहते. आता घरी जाऊन तिघांच्या पोळ्या करणार." घरात माणसं दोन, ती आणि तिची मुलगी ऋता. तिघांच्या पोळ्या ऐकल्या की सगळं मंडळ चपलांकडे बघायला लागायचं. उरलेल्या पोळ्यांचा सकाळी फोडणीचा कुस्करा व्हायचा, हे ऋतानं मला एकदा सांगितलं होतं. "मावशी, मला कुस्कऱ्याचा वासपण नको झालाय," असं म्हणून ती हसली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

मग ऋताचं लग्न ठरलं. मुलगा जवळच्या सावली गावातल्या एका कारखान्यात इंजिनिअर, माणसं चांगली. तोवर प्रकाशरावांना जाऊन बारा वर्षं होत आली होती. आपल्याकडे बारा वर्षं पत्ता लागला नाही तर दर्भाचा आणि पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. नलूचे दीर, सुरेशभावजी, म्हणाले, आधी दादाचा विधी, मग लग्न. सुरेशभावजी वाईट माणूस नव्हे. पाणी ओसरल्यावर पुलाखालचा सगळा काठ त्यांनी काठीनं चाचपून काढला होता. ते नुसते थकले होते. वहिनीच्या वाट बघण्याची वाट बघून थकले होते. त्यात पत्रिका छापखान्यात अडकली. वडिलांच्या नावाआधी 'कै.' घालायचं की नाही? मुलाकडचे म्हणाले, तुम्ही ठरवा. ऋता म्हणाली, आई ठरवेल. नलूनं काहीच ठरवलं नाही, आणि लग्नघरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

त्या हिवाळ्यात खोट्या पुराच्या आधी ती माझ्याकडे आली. पडवीत ऊन होतं, मी तूर निवडत बसले होते. ती समोर बसली आणि माझ्यासोबत तूर निवडायला लागली.

"शैलाताई, यंदा मला पाणीवाली नको."

"मग काय हवंय?"

"जिचा नवरा सापडत नाही, ती दे."

माझ्या हातातली तूर तशीच राहिली. ज्याचं जे दुःख त्याला ती भूमिका द्यायची नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. मी म्हटलं, "नलू, काहीतरीच काय? अजिबात नाही."

"तू मला ओळखतेस ना?" ती म्हणाली. "मी तालमीशिवाय कधी स्टेजवर पाऊल टाकलंय? एकदा तरी? भावजी म्हणतात, पुतळा जाळून ये. ऋता काही म्हणत नाही, पण पोरगी वाळत चाललीय. मला जायचंय गं. पण मला येत नाही ते. मला एकदा खोटं खोटं करून बघू दे. तिथे सगळंच खोटं असतं ना? पूर खोटा, मढी खोटी. तिथे मी चुकले तर कुणी मरत नाही."

  पुस्तक नाही म्हणत होतं आणि पुस्तक बरोबरच होतं. पण दुःखाची तालीम मागणारी बाई कुठल्याच पुस्तकात नव्हती. ती फक्त बडोद्यातल्या नाटकवाल्यांत निघू शकते. शेवटी मी म्हटलं, "मी हाताच्या अंतरावर उभी राहणार. तू पदर डोक्यावर घेतलास की सगळं तिथेच थांबवीन." ती म्हणाली, "सारू," म्हणजे बरं, आणि निवडलेली तूर पाटीत ओतून निघून गेली.

शनिवारी धुकं इतकं दाट होतं की चिमणीवरची ज्योत नुसता केशरी डाग दिसत होती. नलू एका ओल्या गादीच्या कडेला बसली. न रडता, न ओरडता. मांडीवर कुणाचं तरी हेल्मेट होतं. ते आमच्या सामानात नव्हतं, ती घरून घेऊन आली होती. 

तिच्याकडे जायची पाळी आली नदीशावर. श्रीलंकेची मुलगी, कोळ्याच्या घरातली. ती लहान असताना तिचे वडील होडी घेऊन गेले ते परतलेच नव्हते. हे मला ठाऊक होतं, नलूला नव्हतं. नलूची भूमिका मी ठरवली आणि पाळ्या परीक्षकांनी ठरवल्या होत्या, त्यामुळे दोघी समोरासमोर येतील हे मलाही आधी माहीत नव्हतं. आपली स्वतःची गोष्ट समोरच्याला सांगायची नाही, हाही आमचा नियम. नदीशा चिखलात मांडी घालून बसली. पाण्याचा पेला पुढे केला. दोघी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत होत्या, मी मराठीत सांगते.

"माझा नवरा सापडत नाही," नलू म्हणाली.

"मी तुमच्याजवळ बसू?"

"बस."

पलीकडून मालगाडी जाऊ लागली. ती पूर्ण जाईपर्यंत नदीशा थांबली आणि मग तिनं तो प्रश्न विचारला. "आत्ता तुम्हाला कशाची गरज आहे?"

बारा वर्षं नलूला सगळ्यांनी काय करायचं ते सांगितलं होतं. मीसुद्धा मनातल्या मनात सांगत होतेच. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. नलू हेल्मेटवरून हात फिरवत राहिली. माझं सगळं लक्ष तिच्या पदराकडे. तिनं पदर डोक्यावर घेतला नाही. ती म्हणाली, "कुणीतरी मला सांगा, की मी वाट बघणं थांबवलं म्हणजे मी त्यांना मारलं, असं होत नाही."

 एका वाक्यात नदीशा आपली सगळी गोष्ट सांगू शकली असती. 'मी समजू शकते' म्हणायचा हक्क त्या मैदानावर जर कुणाला असेल तर तिलाच होता. ती म्हणाली, "हे सांगणारी मी कोण? पण तुम्ही थांबवाल तेव्हा मी तुमच्याजवळ बसेन."

आणि ती बसली. काही बोलली नाही, खांद्यावर हात ठेवला नाही. धुकं विरलं, घोट्याएवढ्या पाण्यात आभाळ दिसायला लागलं, आणि त्या आभाळात त्या दोघी, एक हेल्मेट आणि उलटी सायकल. मला वाटलं, आता संपल्याची शिट्टी आपण वाजवूच नये. हे असंच राहू द्यावं. पण शिट्टी वाजवावीच लागते. मृत उठले, अंग झटकलं, दामूअण्णांनी उसळवाल्याला हाक मारली.

रंग उतरवायला नलू उभी राहिली. सगळं मंडळ बघत होतं. पहिलं वाक्य, 'मी ती नाही,' तिनं म्हटलंच नाही. "मी नलिनी शिंदे. नागरवाड्यात राहते. आता घरी जाऊन तिघांच्या पोळ्या करणार." एवढंच बोलून ती खाली बसली.  मला वाटलं, तालीम फसली. उगाच तिची जखम खाजवली आपण. नदीशाला परीक्षकांनी फार गप्प राहिल्याबद्दल गुण कमी दिले. मी त्यांच्याशी कडाकडा भांडले, ते जिंकले. त्याचा राग मला अजून आहे.

फागण, म्हणजे फाल्गुन, लागला आणि एके सकाळी सुरेशभावजी माझ्या दारात उभे. "वहिनी हो म्हणाली. पण म्हणते, शैलाताई आणि ती लंकेची मुलगी येणार असतील तरच."

आम्ही गेलो. वाटेत पळसाला पान नव्हतं, सगळी झाडं केसूडीच्या केशरी फुलांनी पेटलेली. गुरुजींना देठ कुठून मिळाले म्हणून भावजींनी विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, पत्रावळीवाल्याकडून. नदीकाठच्या स्मशानात त्यांनी देठांची आणि दर्भाची माणसाएवढी आकृती मांडली. नलूनं तिच्या डोक्याशी हेल्मेट ठेवलं. गुरुजी म्हणाले, "बाई, हे प्लॅस्टिक आहे, जाळता येत नाही." नलू म्हणाली, "जाळायला नाही ठेवलं. थोडा वेळ असू दे." गुरुजी थांबले. भावजींनी अग्नी दिला, ऋतानं त्यांचा हात धरला होता. पलीकडच्या काठावर एक मगर ऊन खात पडली होती, हलली नाही. नदी इतकी बारीक झाली होती की हिनं एकदा शहर बुडवलं होतं, हे खरं वाटेना.

नलू जमिनीवर बसली. न बोलावता नदीशा तिच्या शेजारी येऊन बसली. आकृती जळायला फार वेळ लागत नाही. आधी देठ गेले, मग दर्भ. नलू तेव्हा रडली, अगदी आमच्या मैदानावर कुणीच कधी रडलं नाही अशी, बेसूर आणि मोठ्यानं. सुरेशभावजीही रडले. मीही रडले. आईला सांगायला हवं होतं, शेवटी मीच शिकले म्हणून.

सगळे निघाले तेव्हा नलू हेल्मेट कडेवर घेऊन वाटेत थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, "शैलाताई, माझा रंग उतरव."

"इथे?"

"मग कुठे?"

मी समोर उभी राहिले, मैदानावर राहायचे तशी. ऋता, भावजी, नदीशा, सगळे थांबले.

"मी वाट बघणारी बाई नाही," नलू म्हणाली. हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आणि ते तिच्या तोंडून फार सावकाश बाहेर आलं. "मी नलिनी शिंदे. नागरवाड्यात राहते. आता घरी जाऊन..."

ती अडली. ऋतानं डोळे मिटून घेतले.

"...दोघींच्या पोळ्या करणार," नलू म्हणाली. मग तिनं नदीशाच्या साडीला लागलेली राख हातानं झटकली आणि मोडक्या हिंदीत तिला विचारलं, "तू जेवायला येशील का गं? माझा हात तिघांचा बसलाय. कमी करायला गेले तर कणीक बिघडेल."